बसलेला हात, जागे मन



आपल्या मराठीत ‘हात बसला’ असा एक फार चांगला शब्दप्रयोग आहे. भाकरी थापणारीचा हात बसला, म्हणजे तिला आता परातीकडे बघत राहावे लागत नाही. वेल्डिंग शिकणाऱ्या पोराचा हात बसला, म्हणजे त्याचा सांधा सरळ येऊ लागला. पेटी वाजवणाऱ्याचा हात बसला, की भजनी मंडळ त्याला आपणहून पुढे बसवते. बसलेला हात ही कौतुकाची गोष्ट खरीच. परंतु तिची दुसरी बाजू आपण सहसा बोलत नाही. हात जसा चांगला बसतो, तसाच तो वाईटही बसतो. आणि वाईट बसला, की आजूबाजूची मंडळी मान हलवून म्हणतात, “जित्याची खोड, मेल्याशिवाय जायची नाही!”

आज मला या वाईट बसलेल्या हाताविषयी आपल्याशी बोलावयाचे आहे. तो सुधारतो का? सुधारत असेल तर कसा? आणि त्यासाठी रियाजाला बसल्यावर मन जागेवर कसे ठेवावे? मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. सवय कशी जडते आणि कशी सुटते हा माझ्या विषयाचाच एक भाग आहे. उदाहरण मात्र मी पेटीचे घेणार आहे, कारण पेटी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची.

मी राहतो ती रहाटणी पाहा. एकेकाळचे हे शेतीचे गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेतला भरवस्तीचा भाग झाले आहे. पहाटे कारखान्यांच्या बसगाड्या पहिल्या पाळीची माणसे घेऊन जातात आणि रात्री उशिरा दुसऱ्या पाळीची माणसे परत आणून सोडतात. पण एकादशीला देवळात पेटी निघतेच, कार्तिकात पहाटेचा काकडा होतोच. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी आणि मध्ये चिंचवडला मोरया गोसावींची समाधी, अशा मुलखात टाळ, मृदंग आणि पेटी बंद पडणे शक्य नाही. शिवाय नव्या उंच इमारतींतून मुलेमुली इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणि पियानोही शिकू लागली आहेत. देवळातली पेटी आणि दिवाणखान्यातला पियानो ही दिसायला दोन टोके. पण त्यांच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची मांडणी एकच आहे.

ती एक असावी यात नवल नाही. हार्मोनियम मूळची युरोपातली. पॅरिसच्या अलेक्झांद्र देबँ या कारागिराने १८४२ साली तिचे पेटंट घेतले. तिचा भाता पायाने मारावा लागे. पुढे कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताच्या भात्याचे, मांडी घालून वाजवण्याजोगे रूप दिले. आपल्या संगीत नाटकांनी तिला उचलून धरले. मग तिच्यावर एक संकटही आले. तिच्यातून मींड निघत नाही, आपल्या श्रुती तिच्यावर नेमक्या लागत नाहीत, असे आक्षेप घेऊन १९४० साली याच आकाशवाणीवर तिला बंदी झाली. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले, म्हणजे त्याची पहिली सतरा-अठरा वर्षे याच बंदीच्या काळातली. देवळात मात्र पेटीला कुणी अडवले नाही, आणि आज तीच पेटी आपल्याला रेडिओवरही ऐकू येते.

पट्ट्या युरोपातून आल्या. पण त्या पट्ट्यांवर हात कसा ठेवावा याचा तिकडे तीनशे वर्षे झालेला विचार आपल्यापर्यंत फारसा आला नाही. आपण पेटी शिकलो ती बहुधा बघून बघून. त्यात कमीपणा काही नाही. गोविंदराव टेंबे, ज्यांनी १९११ साली ‘मानापमान’ नाटकाला चाली दिल्या आणि ज्यांच्या पेटीने मराठी रसिकांना वेड लावले, तेही पेटी पुष्कळशी स्वतःच शिकले, आणि भास्करबुवा बखले यांची गायकी ऐकून त्यांनी आपला हात घडवला. पण गोविंदरावांचा कान आणि त्यांना लाभलेला सहवास सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. बघून शिकताना आपण जसे गुण उचलतो, तशा खोडीही उचलतो.

आता पहिला प्रश्न असा, की खोड म्हणावे कशाला? पुस्तकात लिहिल्याहून वेगळे वाजवले की ती खोड, असे मी म्हणणार नाही. याबाबतीत अंगठ्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख या जर्मन संगीतकाराने १७५३ साली कीबोर्ड वाजवण्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो, की माझ्या वडिलांनी, म्हणजे थोर योहान सेबास्टियन बाख यांनी, तरुणपणी असे मोठमोठे वादक ऐकले होते, की जे फार लांबचा स्वर गाठायचा असेल तेव्हाच अंगठा वापरीत! आज ज्या अंगठ्याशिवाय पियानो शिकवताच येत नाही, तो एकेकाळी पाहुण्यासारखा बाजूला बसून असे. तेव्हा दोन बोटांनी वाजवणाऱ्या आपल्या खेड्यातल्या पेटीवाल्याला हसू नये. त्या मोठ्या वादकांचाही हात एका परीने अपुराच होता; पण त्यांचे संगीत अपुरे नव्हते.

म्हणून खोड ओळखण्याच्या तीन कसोट्या मी सुचवतो. पहिली, वाजवताना किंवा वाजवल्यावर दुखते का? दुसरी, त्या सवयीमुळे स्वर किंवा लय बिघडते का? आणि तिसरी, त्या सवयीमुळे पुढचे काही शिकण्याची वाट अडते का? तिन्ही प्रश्नांची उत्तरे ‘नाही’ असतील, तर ती तुमच्या हाताची लकब आहे, तिला खुशाल राहू द्या. एकाही प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले, तर मात्र ती खोड समजावी आणि तिच्या मागे लागावे.

पेटीवर नेहमी आढळणाऱ्या खोडी चार-पाचच आहेत. पहिली बसण्याची. पेटी जमिनीवर ठेवतात आणि वाजवणारा तिच्यावर वाकतो. पाठीला पोक येतो, खांदे कानांकडे चढतात. उपाय अगदी साधा आहे. पेटीखाली पाट किंवा घडी घातलेली घोंगडी ठेवावी. कोपर आणि पट्ट्या साधारण एका उंचीवर आल्या, की खांदे आपोआप खाली उतरतात.

दुसरी खोड पट्ट्या दाबण्याची. पुष्कळजण आवाज मोठा काढायचा म्हणजे पट्टी जोराने दाबतात. वस्तुतः पेटीचा आवाज बोटाच्या जोरावर अवलंबूनच नसतो. पट्टी खाली गेली, की तिच्याखालचे भोक उघडते आणि भात्यातली हवा पितळी जिभेला थरथरवते. आवाज वाढवायचा तर भात्याने हवा वाढवायची. पट्टी खाली गेल्यावर तुम्ही तिच्यावर कितीही रेटा, तिला काही कळत नाही, दुखते ते तुमचे बोट. पियानोची गोष्ट थोडी निराळी. तिथे पट्टी किती वेगाने खाली जाते त्यावर आतली हातोडी तारेवर किती जोराने पडणार हे ठरते. पण एकदा हातोडी पडली, की मागाहून दाबण्याचा उपयोग तिथेही शून्यच.

तिसरी खोड मनगटाची. बोटे हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, बरं का. ते कोपर आणि मनगट यांच्या मध्ये असतात, आणि कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्यांसारख्या त्यांच्या दोऱ्या मनगटातल्या अरुंद वाटेने बोटांपर्यंत जातात. मनगट खाली पाडले किंवा वर ताणले, की त्या दोऱ्या वाटेत घासतात. म्हणून मनगट सरळ आणि सैल हवे. हाताचा नैसर्गिक आकार कसा असतो हे पाहायचे असेल, तर प्रसिद्ध पियानोवादक शोपँ आपल्या विद्यार्थ्यांना बोटे जिथे ठेवायला सांगे, तिथे ती ठेवून पाहा. आपल्या भाषेत सांगायचे तर अंगठा पांढरी तीनवर, मधली तीन लांब बोटे काळी तीन, काळी चार आणि काळी पाचवर, आणि करंगळी पांढरी सातवर. लांब बोटांना उंच जागा, आखूड बोटांना खालची. हात कसा घुमटासारखा बसतो ते लगेच कळेल.

चौथी खोड बोट उचलण्याची. पेटीचा स्वर पट्टी दाबून धरली आहे तोपर्यंत चालूच राहतो. मागचे बोट उशिरा उचलले तर दोन स्वर एकमेकांत मिसळून गिचका होतो. लवकर उचलले तर मध्ये खड्डा पडतो. आणि पाचवी खोड भात्याची. डावा हात झटके देतो आणि सूर दर झटक्याला फुगतो. ती ओळखायची तर उजव्या हाताने एकच षड्ज धरून ठेवावा, डोळे मिटावे आणि भाता श्वासासारखा एकसारखा चालतो का ते फक्त ऐकावे.

खोड कळली, म्हणजे अर्धे काम झाले असे आपल्याला वाटते. पण खरी पंचाईत पुढेच आहे. खोड कळूनही ती जात नाही, म्हणून माणूस अधिक रियाज करतो, आणि जितका अधिक रियाज करतो तितकी ती पक्की होते. हे असे का व्हावे? शेतकऱ्याला हे चटकन समजेल. पाणी नेहमीच्या पाटानेच धावते. तुम्ही शेजारी नवा पाट खणला, तरी जुन्याचे दार मातीने बुजवेपर्यंत पाणी जुन्याच वाटेने जाणार, आणि पाणी जोराचे असेल तर नक्कीच जाणार. हाताचेही तसेच. भरभर वाजवू लागलात, की हात विचारायला थांबत नाही, ओळखीच्या वाटेने जातो.

कारखान्यातल्या माणसाला मी दुसरे उदाहरण देईन. यंत्रावर नवे काम लावले, की पहिला नग काढतात, तो मोजतात, आणि माप बरोबर असेल तरच पुढचे नग काढतात. पहिला नग चुकलेला असताना हजार नग काढणाऱ्या कामगाराला कुणी कष्टाळू म्हणेल का? पण रियाजात आपण नेमके हेच करतो. तान चुकते, आपण “च्च!” म्हणतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. पुन्हा तिथेच चुकते. वीस वेळा वाजवले, वीस वेळा चुकले, म्हणजे हाताने वीस वेळा चूक शिकली.

याचा एक सुंदर अभ्यास झाला आहे. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातील रॉबर्ट ड्यूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००९ साली प्रसिद्ध केला. पियानो शिकणाऱ्या सतरा विद्यार्थ्यांना शोस्ताकोविच या रशियन संगीतकाराच्या रचनेतला एक लहानसा अवघड तुकडा दिला. ज्याला जितका वेळ हवा तितका रियाज करू दिला आणि दुसऱ्या दिवशी तो तुकडा वाजवून घेतला. कोण किती वेळ बसला आणि कुणी किती वेळा वाजवले, याचा दुसऱ्या दिवशीच्या वाजवण्याशी संबंध आढळला नाही. जे सर्वांत सरस ठरले, तेही रियाजात चुकले होतेच. फरक इतकाच, की चूक झाली की ते तिथेच थांबत, ती नेमकी कुठे आणि कशाने झाली ते पाहत, लय उतरवून तेवढाच भाग नीट करीत आणि मगच पुढे जात.

फ्रान्समध्ये फ्रांस्वा कुपरँ नावाचे एक संगीतकार होऊन गेले. १७१६ साली त्यांनी वादनकलेवर पुस्तक लिहिले. त्यात ते म्हणतात, की मुले अगदी नवी असताना त्यांना शिक्षकाच्या माघारी रियाज करू देऊ नये. स्वतः कुपरँ तर वाद्याची किल्लीच बरोबर घेऊन जात! शिक्षकाने पाऊण तासात काळजीपूर्वक बसवलेले मुलाने एकट्याने क्षणात बिघडवू नये म्हणून. आज आपण किल्ली घेऊन जाऊ शकत नाही. पण त्यांचे म्हणणे खरे आहे. बेसावध रियाजापेक्षा पेटी बंद असलेली बरी.

तर मग खोड काढायची कशी? आमच्या भागातल्या एका गृहस्थांचे उदाहरण देतो. ते कारखान्यात पाळीवर काम करतात आणि वीस वर्षे भजनाला पेटी धरतात. वाजवायचे तर्जनी आणि मधल्या बोटाने. ठाय लयीच्या अभंगाला काही अडचण नव्हती. गजर चढू लागला, की हात मागे पडे आणि उजवा खांदा भरून येई. दुसऱ्या दिवशी कामावरही खांदा बोलायचा. अशात मंडळात एक शिकलेला मुलगा आला. त्याची पाचही बोटे पट्ट्यांवर फिरत. मंडळी त्याच्याकडे बघू लागली. गृहस्थ मला म्हणाले, “सर, आता या वयात काय हात वळणार? जागा सोडून द्यावी म्हणतो.”

त्यांना एका जाणत्या पेटीशिक्षकांकडे नेले. शिक्षकांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “माउली, जागा सोडू नका. पण महिनाभर पेटी त्या पोराला द्या आणि तुम्ही टाळ घ्या.” ही अट गृहस्थांना फार जड गेली. वीस वर्षांची बैठक सोडून मागे टाळ घेऊन उभे राहायचे! पण अट बरोबर होती. घरी नवा हात बसवायचा आणि देवळात जुन्या हाताने वाजवायचे, म्हणजे दिवसा नवा पाट खणायचा आणि रात्री जुन्याचे दार उघडायचे.

शिक्षकांनी दुसरे सांगितले ते असे, की या महिन्यात जुने अभंग वाजवायचेच नाहीत. यात मानसशास्त्राचे मोठे मर्म आहे. जुनी सवय पुसली जात नाही. ती आत राहते, आणि तिच्याशेजारी नवी सवय उभी करावी लागते. ओळखीची चाल, ओळखीची जागा, ओळखीची घाई समोर आली, की जुनी सवय ओ देते. म्हणून नवा हात नव्या चालीवर बसवायचा. बसायची जागा बदला, पट्टी बदला, पेटीखाली पाट ठेवा. हाताला कळू द्या, की आज काम वेगळे आहे.

तिसरे, एका वेळी एकच गोष्ट. पहिले दहा दिवस फक्त खांदा आणि मनगट. बोटे कुठलीही वापरा, पण खांदा वर चढला की थांबा. पुढचे दहा दिवस अंगठा. पांढरी एकमध्ये सा अंगठ्याने, रे तर्जनीने, ग मधल्या बोटाने, मग अंगठा तळहाताखालून हळूच सरकवून म वर, प तर्जनीने, ध मधल्याने, नी अनामिकेने आणि वरचा सा करंगळीने. इतक्या सावकाश, की चूक करायला वावच राहू नये. लय वाढवायची ती तीनदा निर्दोष आल्यावर, आणि तीही थोडीथोडी. चुकले की एक पायरी खाली.

चार आठवडे त्यांचे वाजवणे आधीपेक्षा वाईट झाले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नेमके इथेच माणसे सोडून देतात. नवी चाल बसेपर्यंत जुनी मोडलेली असते, आणि त्या मधल्या दिवसांत माणूस ना इकडचा ना तिकडचा. त्याला वाटते, आपण होतो तेच बरे होतो. हा काळ येणारच, असे आधीच ठाऊक असले तर तो निभावतो. तीन महिन्यांनी त्यांचा खांदा दुखायचा थांबला. द्रुत गजराला ते आता मागे पडत नाहीत. करंगळी अजून आळशी आहे, आणि गर्दीच्या दिवशी केव्हातरी दोन बोटांचा जुना हात डोके वर काढतो. मंडळात आता ते आणि तो मुलगा आळीपाळीने बसतात. खोड समूळ गेली असे मी म्हणणार नाही. पण ती आता मालकीण राहिली नाही.

आता मनाकडे वळू. हे सगळे करायचे तर मन जागे हवे, आणि आठ तास यंत्रापुढे उभे राहून आलेल्या माणसाचे मन रात्री नऊला जागे कसे राहावे? याचे पहिले उत्तर असे, की ते फार वेळ जागे राहावे अशी अपेक्षाच करू नका. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांचे सहकारी यांनी बर्लिनमधल्या व्हायोलिन विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९९३ साली तो प्रसिद्ध केला. त्यातले उत्तम विद्यार्थीदेखील दिवसाला सरासरी साडेतीन तासांच्या आसपास एकट्याने रियाज करीत, तोही तुकड्यातुकड्यांनी, मध्ये विसावा घेऊन, आणि पुष्कळजण दुपारी झोपही काढीत. ज्यांचे उभे आयुष्य संगीतात जायचे, त्यांची ही कथा. मग तुम्हाआम्हाला दहा-दहा मिनिटांचे दोन तुकडे पुरेत. पण ती दहा मिनिटे खरी हवीत.

ती खरी व्हावीत म्हणून काही साध्या युक्त्या आहेत. बसण्यापूर्वी एक वाक्य वहीत लिहा. ‘आज अंगठा म वर नेताना मनगट हलू द्यायचे नाही.’ नुसते ‘रियाज केला’ असे लिहू नका. मनाला नेमके काम दिले नाही, की ते आपले काम शोधायला बाहेर जाते. दुसरी युक्ती म्हणजे वाजवताना सरगम तोंडाने म्हणा. तोंड, कान आणि बोट एकाच कामाला जुंपले, की मनाला भटकायला फारशी मोकळीक उरत नाही. तिसरी, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. तो जवळ हवाच असेल, तर त्याला कामाला लावा. शेवटची दोन मिनिटे ध्वनिमुद्रण करा आणि लगेच ऐका. वाजवताना न ऐकू आलेला गिचका त्यात स्पष्ट ऐकू येतो. कुपरँ वाद्यासमोर आरसा ठेवायला सांगत, म्हणजे वाजवणाऱ्याला आपले वेडेवाकडे तोंड दिसावे. मोबाइल हा आपला आजचा आरसा आहे.

आणि मन गेलेच, तर? जाणारच. त्यावर रागावण्यात अर्थ नाही. मन गेले हे ज्या क्षणी कळले, त्या क्षणी हात पट्ट्यांवरून उचला, भाता सोडा, दोन श्वास घ्या आणि पुन्हा एकाच ओळीवर या. पाच मिनिटांत तिसऱ्यांदा असे झाले, तर पेटी बंद करून झोपा. यात आळस नाही. झोपेत मेंदू दिवसाचे शिकलेले घट्ट करतो, हे आता चांगले माहीत झाले आहे. दमलेल्या मनाने ओढूनताणून केलेला तासभर रियाज मात्र चुकाच घट्ट करतो.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. दुखणे हा रियाजाचा दागिना नव्हे. जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमान याला तरुणपणी पियानोवादक व्हायचे होते. बोटाला ताकद यावी म्हणून त्याने एक यांत्रिक साधनही वापरून पाहिले. त्याच्या उजव्या हाताचे बोट निकामी झाले. नेमके कशाने, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण वादक म्हणून त्याची वाट तिथेच संपली. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची दोन बोटे १९६४ च्या सुमारास आपोआप आत वळू लागली. पुढची तीस-एक वर्षे ते मुख्यतः डाव्या हाताने वाजवीत राहिले, शिकवीत राहिले, आणि उपचारांनंतर १९९० च्या दशकात पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले. तेव्हा दुखणे, मुंग्या येणे, बोट आपोआप वळणे यांपैकी काही दिसले, तर रियाज थांबवून डॉक्टरांना दाखवावे. ‘सोसले पाहिजे’ असे म्हणणाऱ्याचे या बाबतीत ऐकू नये.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना दोन शब्द. शाळेत प्रार्थनेची पेटी असते, आणि एखादा मुलगा, एखादी मुलगी तिच्याभोवती घुटमळते. त्यांना वाजवू द्या. चुकले, तर “तुझा हातच वाईट” असे मात्र म्हणू नका. हात वाईट नसतो, एखादी सवय वाईट असते. “तुझा खांदा वर चढतोय, खाली घे” असे म्हटले, तर मुलाला काय करायचे ते कळते. “तुला जमणार नाही” असे म्हटले, तर त्याला फक्त निघून जायचे कळते. आपल्यापैकी किती जणांनी असे एक वाक्य ऐकून पेटी, चित्रकला किंवा गणित सोडले असेल! गणिताची रीत चुकली तरी आपण असेच करतो, नाही का? शंभर गणिते घालतो. त्याऐवजी पहिली चुकलेली पायरी दाखवून, तेवढीच सावकाश तीनदा करून घेतली, तर पोर पुढची सत्त्याण्णव गणिते आनंदाने करील.

थोडक्यात सांगायचे, तर खोड जाते. पण ती तासांना भीत नाही, लक्ष देण्याला भिते. पहिली चूक दिसली तिथे थांबायचे, लय उतरवायची, एकच गोष्ट सुधारायची आणि मधले चार आठवडे धीर धरायचा. आज रात्री पेटी काढाल तेव्हा तिच्याखाली एक पाट ठेवून पाहा, आणि खांदे खाली आले का ते बघा. सुरुवात तिथून करता येईल.